हेल्मेटवरची टोपी

"चार गेरची जीप हाय ही. अन् यानं आताच सातवा टाकला."

गुलाम रसूल हे कोकिळाबाईंच्या कानाशी पुटपुटले. शूटिंग चालू असताना कोणी बोलायचं नाही अशी ताकीद सकाळीच मिळाली होती, म्हणून पुटपुटणं; एरवी त्यांचा आवाज मेहकरच्या गॅरेजातून बसस्टँडपर्यंत पोचायचा. दोघंही कोकिळाबाईंच्याच अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती आणि समोरच्या लहानशा पडद्यावर मुंबईचा हीरो दात आवळून जीप चालवत होता. सुलतानपूरचा रस्ता तिथे सरळसोट आहे, पण हा स्टेअरिंग असं गरागरा फिरवत होता की जात्यावर दळण घातलंय असं वाटावं. मधूनच कपाळाला आठ्या घालायचा, खाली बघायचा, गिअरचा दांडा हाणायचा, की जीप उसळून पुढे. म्हणजे तो चांगला गिअर इतका वेळ त्याने कुठे सणावारासाठी राखून ठेवला होता, कोण जाणे.

"रसूलभाई, चूप बसा," कोकिळाबाई पदराआडून म्हणाल्या. "नाही तं उठवतीन आपल्याले."

उठवलं असतं तरी जाणार कुठे, घर त्यांचंच होतं. पण गेल्या काही दिवसांत ते तसं राहिलं नव्हतं. ओट्याचं सिमेंट झाकून वर शेण सारवलं होतं, भिंतीवरचा डिश टीव्हीचा डबा काढून ठेवला होता, आणि समोरच्या डांबरी रस्त्यावर ट्रॉलीभर माती आणून पसरली होती. कोकिळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तो रस्ता डांबरीच होता. पण धूळ उडाल्याशिवाय गाडी जोरात चाललीय हे लोकांना कळत नाही म्हणे. त्यांचा नवरा जानराव सकाळपासून धोतर नेसून गर्दीत उभा होता. पिक्चर ज्या काळातला, त्या काळी तो पॅन्ट घालायचा, तेही पायाशी पसरट. त्याने तसं सांगून पाहिलं, तर कपड्यांवाल्या मुलाने त्याच्याकडे असं पाहिलं की आपण आपल्याच तरुणपणाबद्दल खोटं बोलतोय असं जानरावाला वाटलं आणि तो मुकाट्याने धोतर घेऊन आत गेला.

पिक्चर सत्यघटनेवर होता. तसं पहिल्याच पाटीत लिहून येणार होतं.

सत्यघटना अशी. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून नागपूरला मोटारींची शर्यत निघाली होती आणि ती याच रस्त्याने गेली. मोठमोठ्या शहरांतल्या, मोठमोठ्या घरांतल्या गाड्या. त्यांत एक जीप जानेफळच्या महादेवरावांची, जिच्यात आदल्या आठवड्यापर्यंत ढेपेची पोती वाहिली होती. चालवणारा त्यांचा ड्रायव्हर निवृत्ती, म्हणजे कोकिळाबाईंचा सख्खा भाऊ. आणि शेजारी मांडीवर नकाशा घेऊन बसलेले मेहकरचे मिस्त्री गुलाम रसूल, ज्यांना नकाशा उलटा धरलाय की सुलटा हे वाशीम गेल्यावर कळलं. आणि या जीपने शर्यत जिंकली.

याला पुरावा होता. जानेफळच्या चौकातल्या सलूनमध्ये, पतसंस्थेत आणि महादेवरावांच्या दिवाणखान्यात एकच फोटो लागलेला होता. जीपला टेकून निवृत्ती उभा, डोक्याला हेल्मेट, हेल्मेटवर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ. बाजूला गुलाम रसूल, त्यांच्याही खांद्यावर टॉवेल, तोंडात घास. टॉवेल-टोपी आणि नारळ मिळालेला माणूस हरलेला असू शकतो असं जानेफळात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. निवृत्ती स्वतः कधी जिंकलो म्हणाला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "गाडी चांगली होती." लोक म्हणायचे, पाहा, किती साधा माणूस.

तो फोटो याच दारातला होता. हे चार माणसांना माहीत होतं: कोकिळाबाई, त्यांचा भाऊ, रसूलभाई आणि कोकिळाबाईंची सासू मनकर्णाबाई. सुलतानपुरातल्या आणखी कितीकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनाही पुढे पतसंस्थेतला फोटोच जास्त खरा वाटायला लागला.

कोकिळा तेव्हा नवीन सून. थोरल्या जावेचे भाऊ सणासुदीला साडी-चोळी घेऊन यायचे, अंगणात त्यांच्या मोटारसायकली लागायच्या. कोकिळेचा भाऊ दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर. त्याला दिवाळीत सुटी नाही, कारण दिवाळीत महादेवराव स्वतःच्या बहिणींना आणायला त्याला पाठवायचे. मनकर्णाबाई एकदा भरल्या पंगतीत म्हणाल्या होत्या, "तुह्या माहेरचं कुत्रंबी हा उंबरा हुंगाले येत नाही." कोकिळेने पोळी वाढली आणि आत जाऊन चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं.

मग ती शर्यत आली. सगळं गाव रस्त्यावर. गाड्या थोड्या थोड्या वेळाने एकेक यायच्या, सूंऽ करून जायच्या. कोकिळा ओट्यावर उभी होती, भाऊ जाताना नुसता दिसला तरी पुरे म्हणून. जीप आली. आणि निवृत्तीने ब्रेक दाबला.

तो उतरला, म्हणाला, "बाई, पाणी दे."

गावात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बहिणीचं दार रस्त्यावर असताना भाऊ तसाच निघून गेला असता तर लोक बोलले असते. मनकर्णाबाईंनी चारी बाजूंनी पाहणारं गाव पाहिलं, आणि पदर सारखा करून स्वतः सतरंजी अंथरली. पाण्यावर चहा झाला. चहावर, जेवल्याबिगर कसं पाठवावं, हे आलं. गुलाम रसूल घड्याळाकडे बोट दाखवून ओरडत होते. मग वांग्याच्या भाजीचा वास आला तसे ते ओरडता ओरडता मांडी घालून बसले. लोणारचा एक फोटोग्राफर सकाळपासून पळत्या गाड्यांचे फोटो काढत होता आणि प्रत्येक वेळी त्याला नुसता रस्ता मिळत होता. उभी असलेली गाडी पाहून त्याच्या जिवात जीव आला. मनकर्णाबाईंनी पेटीतून टॉवेल-टोपी काढली. निवृत्तीच्या हेल्मेटचा पट्टा अडकला होता, निघेना. त्यांनी टोपी हेल्मेटवरच घातली.

जीप नागपूरला पोचली तेव्हा मांडववाले कनाती गुंडाळत होते.

महादेवरावांना निवृत्तीने सांगितलं, "सुलतानपूरजवळ रेडिएटर तापलं." रसूलभाईंनीही अल्लाची आण न घेता, पण मान जोरात हलवून, तेच सांगितलं. बहिणीच्या चहापायी शर्यत गेली असं कोणी कधी म्हणू नये म्हणून भावाने ते रेडिएटर तापवलं, हे कोकिळेला कोणी सांगावं लागलं नाही. नवरा बाहेरून ऐकून आला आणि म्हणाला, गाडी बिघडली होती म्हणे. ती म्हणाली, "असन." पुढे फोटो जानेफळला पोचला, आणि महादेवरावांसकट सगळ्यांनी ठरवलं की रेडिएटर तापूनही गाडी जिंकलीच.

त्या दिवसापासून मनकर्णाबाईंनी माहेरावरून एक शब्द काढला नाही. घरात कोकिळेचं ताट आधी वाढलं जाऊ लागलं. तिच्या आयुष्यात असा दिवस पुन्हा आला नाही, आणि याची गंमत अशी की तो कोणाला सांगता येत नव्हता. सांगायचा तर दादा हरला हे सांगावं लागलं असतं.

आता पिक्चरवाले. दिग्दर्शक नचिकेत हा अत्यंत प्रामाणिक माणूस होता. त्याला सगळं खरं लागायचं. जीपचा हिरवा रंग कोणता, म्हणून त्याने महादेवरावांच्या गोठ्यातल्या जुन्या पत्र्यावरचा रंग नखाने खरवडून नेला होता. टायरची नक्षी त्याच सालची हवी, म्हणून ते कुठून कुठून मागवले. त्याची मदतनीस सुचिता खामगावची. पण पुण्यात शिकल्यापासून तिला वऱ्हाडी समजत नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते तिला बरंच जमत होतं, फक्त हसू फार लवकर यायचं. ती वही-पेन घेऊन रोज कोकिळाबाईंकडे बसायची. कपाला दांडी होती का? बशी काचेची की जर्मनची? चहात आलं होतं की गवती चहा? कोकिळाबाई सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी तसाच कप हजर व्हायचा, वर टवका उडालेला. टवकासुद्धा मुंबईहून उडवून आणायचे.

एकदा तिने तो फोटो मोठा करून आणला. फोटोच्या कडेला एक हात अर्धा आला होता, ताट धरलेला, हिरव्या बांगड्यांचा.

"काकू, हा हात कोणाचा असेल? आम्ही म्हणतोय, नागपूरला सत्कार झाला, तिथल्या आयोजक बाईंचा असावा."

कोकिळाबाईंनी आपला हात पदराखाली घेतला. "असन कोनाचा," त्या म्हणाल्या.

तशाच बांगड्या पिक्चरसाठी मुद्दाम करवून घेतल्या. रंग बरोबर आहे का ते दाखवायला सुचिता डबी घेऊन आली. कोकिळाबाईंनी एक बांगडी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "थोडा अजून गर्द."

असं सगळं विचारून झालं. एकच गोष्ट कोणी विचारली नाही, निवृत्ती जिंकला होता का. ते तर सगळ्यांना माहीतच होतं.

गुलाम रसूल यांची तक्रार वेगळी होती. त्यांना पिक्चरमध्ये घाटात मारलं होतं. नचिकेतने त्यांना समजावलं होतं की मित्र गेल्यावर हीरो त्याच्यासाठी जिंकतो, त्यामुळे शेवटाला वजन येतं.

"पण मी तं इथं चहा पिऊन राह्यलो," रसूलभाई म्हणाले होते.

"हो, पण पडद्यावर सत्य जरा दाट करावं लागतं, चाचा."

रसूलभाईंनी दोन दिवस विचार केला. नातवंडांना मात्र आजोबांचं मरण भलतंच आवडलं होतं, त्यामुळे ते नरम आले. "मराचंच हाय तं मरतो बापा. पण सुलतानपूर गेल्यावर मारा. जेवल्यावर." सुलतानपूरला जेवण नाही, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी कोकिळाबाईंकडे पाहिलं आणि कोकिळाबाईंनी बाहेर रस्त्याकडे.

कारण सुलतानपूरचा प्रसंग काय आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. नचिकेत तो सांगताना भारावून गेला. बहीण दारात चहा घेऊन उभी. लांबून जीप येते. भावाला ती दिसते. डोळे भरतात. पाय ब्रेककडे जातो. आणि तो गिअर टाकतो, पुढे निघून जातो. बहिणीच्या हातातला कप थरथरतो. पुढे नागपूर, विजय, टॉवेल-टोपी.

"नाही थांबत?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"नाही ना, काकू. तेच तर सगळं आहे. तो बहिणीच्या मायेपेक्षा ध्येय निवडतो."

"बरं," कोकिळाबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी विसळलेले कप पुन्हा विसळले.

आज तोच प्रसंग होता. पिक्चरात त्यांचं काम करणारी काजल नावाची पोरगी ओट्यावर उभी होती. गोड होती, आल्या आल्या पाया पडली होती, आणि कोकिळाबाईंकडून भाकरी थापायला शिकून बोट भाजून घेतलं होतं. हीरोचं गिअर टाकणं वेगळं, जवळून घेऊन झालं होतं. आता जीप दारासमोरून खरोखर जाणार होती.

निवृत्ती कडुनिंबाखाली बसला होता. गुडघे दुखतात म्हणून त्याला गादीची खुर्ची दिली होती आणि डोक्यावर पिक्चरचं नाव लिहिलेली टोपी. तयारी चालू होती तेवढ्यात कोकिळाबाई त्याच्याजवळ गेल्या. काय बोलावं हे ठरवून गेल्या नव्हत्या.

"दादा, तू थांबत नाही यात."

"पिक्चर हाय, बाई."

"रेडिएटरबी नाही तापत."

निवृत्तीने रस्त्यावर पसरलेल्या मातीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तापलं होतं ना पण."

"हाव," त्या म्हणाल्या. "तापलं होतं."

आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांसाठी ते रेडिएटर गरम ठेवलं होतं, आता या वयात थंड होऊ देऊन कोणाचं भलं होणार होतं? महादेवरावांचा मुलगा जानेफळला चौकाला निवृत्तीचं नाव द्यायचं म्हणत होता. पिक्चर आला की जग पाहील. आणि जग पाहील की निवृत्तीची बहीण दारात उभी राहिली आणि तो गेला. म्हणजे मनकर्णाबाईंनी पंगतीत म्हटलं होतं तेच खरं ठरणार होतं, आणि तेही गाणं लावून.

मनकर्णाबाईंनाही बोलावलं होतं. खऱ्या घटनेतली खरी माणसं मागे दिसली पाहिजेत, हा नचिकेतचा आग्रह. म्हातारीला बाजेवर बसवलं, लुगड्याच्या आत आवाजाचं छोटं यंत्र टोचलं, आणि सांगितलं, आजी, तुम्ही काही करायचं नाही, नुसतं रस्त्याकडे बघायचं. मनकर्णाबाई आता ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येतं असं घरात मानलं जाई. त्यांच्या मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. कोणाला वाटलं पानाचा बटवा असेल.

नचिकेत ओरडला. माती उडवणारा पंखा सुरू झाला. जीप आली. काजलचा कप अगदी छान थरथरला. आणि मागे मनकर्णाबाई बाजेवरून उठल्या, हात वर केला, आणि जीपपुढे चालायला लागल्या.

"कट! आजींना कोणीतरी सांगा."

सांगितलं. पुन्हा माती, पुन्हा जीप. पुन्हा मनकर्णाबाई उठल्या. या वेळी फडकं सोडलेलं होतं आणि हातात कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी. जानराव धोतर सावरत पळत गेला आणि आईला धरून बसवलं. तिसऱ्या वेळी तर जीप अजून वळणावरच होती आणि म्हातारी ओट्याच्या पायऱ्या उतरून मोकळी. हीरोने ब्रेक दाबला, जीप बरोब्बर दारात थांबली, आणि रसूलभाई खुर्चीवरून अर्धे उठून म्हणाले, "आता कसं!" सुचिताने खाली मान घालून वहीत तोंड लपवलं.

नचिकेत चिडला नाही, सभ्य माणूस होता. फक्त थकला होता, आणि ऊन उतरत होतं. तो कोकिळाबाईंकडे आला आणि म्हणाला, काकू, तुमचं ऐकतील त्या. तुम्हीच समजवा ना. त्याच्या कानांवर ते मोठं यंत्र होतं, ज्यातून त्याला सगळ्यांचं बोलणं ऐकू जायचं. त्याने ते काढलं नव्हतं.

कोकिळाबाई सासूजवळ गेल्या. दोघी रस्त्याच्या कडेला, आणलेल्या मातीत उभ्या. सगळे पाहत होते. कडुनिंबाखाली निवृत्ती खुर्चीचे हात धरून उठला होता.

"आत्याबाई, इकडे या. बसा."

"काऊन? त्याले थांबवू नोको?"

"तो थांबत नाही यात."

"काऊन नाही थांबत?"

"पिक्चर हाय ना हे." कोकिळाबाईंचा आवाज सांभाळता सांभाळता जरा घसरला. "यात त्याले जिंकाचं हाय. नाही थांबला म्हूनच तं जिंकला तो, असं हाय."

मनकर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग जीपकडे, मग कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या त्या सगळ्या शिकल्या-सवरल्या पोरांकडे. टोपीची घडी झटकून सरळ केली. आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"जिंकला कुठी तो? हारला. याच दारात हारला. गाडीले काई झालं नव्हतं, चांगली धडधड करत उभी होती. हिचा भाऊ तो, हिच्याकरता थांबला, पोटभर जेवला, अन् म्हून हारला. ही टोपी म्या सोताच्या हातानं घातली त्याले."